वाचनालयात थंडीची लाट

मिस्त्रींच्या घरातला पंखा हल्ली बाईंच्या मनातलं ओळखायला लागला होता. जेवता जेवता बाई घास हातात धरून थबकल्या, त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या, की कुणी बटणाला हात न लावता पंखा भिरभिरायला लागे आणि पाठोपाठ खिडकीतलं एसीचं मशीन घुं करून जागं होई. बाईंचा चेहरा निवला की दोघंही आपापले गप्प बसत. पाहुण्यांना वाटे, घरात वायरिंगचा काहीतरी घोटाळा आहे.

ही किमया मिस्त्रींची. मिस्त्री म्हणजे एसी-फ्रिजचे मिस्त्री. उभा जन्म त्यांनी लोकांच्या खोल्या गार करण्यात घालवला होता. त्यामुळे बायकोची पाळी जायचे दिवस आले, वेळी-अवेळी तिच्या अंगातून वाफा निघायला लागल्या आणि सगळे पांघरुणात गुरफटलेले असताना ती उशी घामानं भिजवायला लागली, तेव्हा 'होतं असं ह्या वयात' म्हणून ते कूस बदलून झोपले नाहीत. त्यांनी तो कूलिंगचा प्रश्न म्हणून हातात घेतला. नवरा म्हणून माणूस कसाही असो, कारागीर म्हणून मात्र त्यांना तोड नव्हती.

बाईंच्या डॉक्टरीणबाईंनी मोबाईलवर एक ॲप घालून दिलं होतं. पाळी कधी आली, कधी चुकली, झोप कशी लागली, चिडचीड किती झाली, सगळं ते लक्षात ठेवी. सोबत मनगटावर बांधायचा एक पट्टा होता. तो कातडीची ऊब आणि घाम बघून लाट यायच्या जरा आधीच सांगे, "मैत्रिणी, लाट येतेय. खोल श्वास घे."

"बघा," बाई एकदा म्हणाल्या, "इतकी वर्षं संसार केला, पण मी तापतेय हे तुम्हाला कधी आधी कळलं नाही. ह्या चिमुकल्या पट्ट्याला कळतं."

हे मिस्त्रींच्या जिव्हारी लागलं. सुट्टीच्या दिवशी ते पट्टा, ॲप, पंखा आणि एसी अशा चौघांना समोर घेऊन बसले आणि संध्याकाळपर्यंत त्यांचं सूत जुळवून मोकळे झाले. पहिल्यांदा आपल्यासाठी आपोआप पंखा फिरला तेव्हा बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो, तुम्ही पण ना..." एवढंच त्या म्हणाल्या. मिस्त्रींना तेवढं पुरेसं होतं.

मग बाईंनी डोळे पुसून ताकीद दिली, "पण हे घराबाहेर कुणाला कळता कामा नये. वाचनालयात तर मुळीच नाही."

त्याला कारण होतं. बाई गावाच्या मोठ्या वाचनालयात उपग्रंथपाल होत्या. मुख्य ग्रंथपाल निवृत्त होत होते आणि त्या खुर्चीसाठी बाईंची मुलाखत व्हायची होती. आयुष्यभर ज्या खुर्चीच्या शेजारी उभं राहून काम केलं, तिच्यात एकदा बसायचं, मुलांचा विभाग वरच्या अंधाऱ्या खोलीतून खाली उजेडात आणायचा, ही त्यांची मनापासूनची इच्छा. पण निवड समितीत दोघंच होते. एक अध्यक्षा, ज्यांच्या तोंडून कधी जादा शब्द निघत नसे. दुसरे खजिनदार, ज्यांच्या तोंडून फक्त जादाच निघत. "बायका ह्या वयात जरा बिथरतात हो, जोखमीची कामं त्यांना देऊ नयेत," हे त्यांचं वाक्य बाईंनी कपाटांच्या आडून स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

वाचनालयाच्या एसीचं वार्षिक कंत्राट मिस्त्रींकडेच होतं. तिथली सगळी यंत्रणा त्यांच्या खिशातल्या मोबाईलवर चाले. मुलाखतीची खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली. लहानशी, खिडक्या बंद, समोर खजिनदार. तिथे नेमकी लाट आली तर? मिस्त्रींनी बायकोला न सांगता पट्ट्याचं सूत वाचनालयाच्या यंत्राशीही जुळवून टाकलं. लाट आली की बरोबर तिच्या खुर्चीवर गार झुळूक. कुणाला कळणार नाही, तिलाही नाही. असं परोपकाराचं गुपित पोटात ठेवून फिरणारा नवरा फार खूश दिसतो. मिस्त्री तसेच दिसत होते.

त्या दिवसांत त्यांची थोरली बहीण, ताई, राहायला आली होती. ताईंना इस्त्रीचं वेड होतं. रुमाल, पायमोजे, उशांचे अभ्रे सोडा, त्या पुसायच्या फडक्यांनाही कडक इस्त्री करत. एकदा पडदा खिडकीला लटकत असतानाच त्यांनी त्याला इस्त्री केली होती. बाईंच्या पट्ट्यावर त्यांचा डोळा होता.

"हे चालणं मोजायचं घड्याळ ना गं?" त्यांनी विचारलं.

"हो हो, वन्सं, तेच," बाई घाईनं म्हणाल्या.

मुलाखतीच्या दिवशी मिस्त्री सकाळीच जाळ्या साफ करायच्या निमित्तानं वाचनालयात दाखल झाले. जुन्या मासिकांच्या कोठीमागे मशीनची खोली होती. तिथे स्टुलावर बसून, मोबाईल मांडीवर ठेवून ते वाट बघत राहिले. वर बाई आत गेल्याचं शिपाई सांगून गेला, आणि थोड्याच वेळात मोबाईल किणकिणला. "तुमच्या मैत्रिणीला लाट येतेय."

मागोमाग मशीन घुमलं. मिस्त्रींनी मांडीवर थाप मारली. "वा रे पठ्ठ्या!"

त्यांचा आनंद ओसरतो न ओसरतो तोच मोबाईल पुन्हा किणकिणला. मग पुन्हा. एक लाट ओसरायच्या आत दुसरी, तिच्या पाठीवर तिसरी. मशीन जोर करायला लागलं.

"काय विचारतायत तरी काय हिला?" मिस्त्री पुटपुटले. त्यांच्या डोळ्यांसमोर बिचारी बायको घामानं निथळत बसलेली दिसायला लागली. त्यांना राहवेना. यंत्र आपल्या बुद्धीनं जेवढा गारवा देत होतं त्यात त्यांनी पदरचा थोडा घातला. मोबाईल पुन्हा किणकिणला. त्यांनी आणखी थोडा घातला.

शिपाई हात चोळत आत आला. "मिस्त्री, आज काय बर्फ पाडताय काय? खाली वाचक पेपर वाचायच्या ऐवजी अंगावर घेऊन बसलेत."

"आणि वर? मुलाखतीच्या खोलीत?"

"खजिनदारसाहेबांनी टेबलावरचं कापड ओढून अंगाभोवती गुंडाळलंय. पाण्याचा पेला तसाच कापडात अडकलाय, पण काढत नाहीत."

"अरे, त्यांना घाल चुलीत! बाई कशा आहेत?"

"बाई थरथरतायत. दातावर दात वाजतायत."

"बघ!" मिस्त्री ताडकन उठले. "म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलं."

त्याच क्षणी मोबाईलवर लाल अक्षरं उमटली. "तुमच्या मैत्रिणीला सतत तीव्र लाटा येत आहेत. कृपया तिच्याजवळ जा." इतकं समजूतदार यंत्र सांगतंय म्हटल्यावर मिस्त्री कशाला थांबतायत? त्यांनी जाळ्या पुसायला आणलेल्या कोऱ्या टॉवेलांपैकी एक उचलला, पिण्याच्या पाण्याच्या मशीनखाली धरून गारेगार भिजवला आणि जिन्याच्या पायऱ्या गाळत वर धाव घेतली.

दार उघडून ते आत घुसले तेव्हा बाई सांगत होत्या, "आणि मु-मुलांचा वि-विभाग..." पुढचं वाक्य त्यांच्या घशातच राहिलं, कारण मानेवर मागून बर्फासारखा टॉवेल येऊन पडला.

"आई गं!" बाई किंचाळल्या. "अहो! हे काय करताय?"

"बोलू नकोस! अजिबात बोलू नकोस!" मिस्त्री टॉवेल दाबत ओरडले. "खोल श्वास घे. तुझी लाट तीव्र आहे!"

"कसली लाट?" टेबलाच्या कापडातून खजिनदारांनी मान बाहेर काढली.

"पाळी जायच्या दिवसांत येते ती!" मिस्त्रींच्या तोंडून निघून गेलं. निघाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की जे कुणाला कळता कामा नये, ते नेमकं ज्याला कळता कामा नये त्यालाच कळलं आहे.

बाईंनी डोळे मिटले. मिस्त्रींची नजर खाली गेली ती बाईंच्या हातांवर. मनगट मोकळं होतं.

"पट्टा कुठाय?" त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं.

"घरी. बेसिनजवळ ठेवून आलेय," बाई दात आवळून म्हणाल्या. "आजच्या दिवशी मला कुणाचा टेकू नको होता."

हातातला मोबाईल पुन्हा किणकिणला. तुमच्या मैत्रिणीला लाट येतेय. मिस्त्री त्याच्याकडे भूत बघावं तसे बघत राहिले. मग त्यांनी घरी फोन लावला. गडबडीत तो स्पीकरवर लागला.

"ताई, काय करतेयस गं?"

"चादरी काढल्यात इस्त्रीला," ताईंचा खणखणीत आवाज खोलीभर घुमला. मागे वाफेचा फुस्स असा आवाज आला. "आणि काय रे, हिचं ते घड्याळ मी जरा हातात घातलं, तर ते बिघडलेलं दिसतंय. चालणं राहिलं बाजूला, सारखं मला मैत्रीण म्हणतं आणि खोल श्वास घे म्हणतं. घेतेय मी आपली. बरं वाटतंय पण!"

मिस्त्रींनी फोन बंद केला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. बायकोची आयुष्यभराची कमाई आपण एका भिजक्या टॉवेलापायी घालवली होती.

खजिनदारांनी घसा साफ केला. "म्हणजे बाईंना हा... हा असला त्रास आहे तर. हे आम्हाला आधी कळायला हवं होतं. मुख्य ग्रंथपालाचं काम म्हणजे काही खेळ नाही. झेपायला पाहिजे."

"साहेब, चूक सगळी माझी आहे," मिस्त्री काकुळतीला आले. "तिला काही त्रास नाही. मीच आपला उगाच—"

"तुम्ही थांबा हो जरा," बाई म्हणाल्या.

त्यांनी मानेवरचा टॉवेल काढून टेबलावर ठेवला आणि त्या उभ्या राहिल्या. थंडीनं ओठ निळे पडले होते, पण आवाज आता कापत नव्हता.

"त्रास आहे, साहेब. मला वाफा येतात. चारचौघांत येतात, कामाच्या मध्येच येतात. तळघरात पाणी शिरलं आणि गुडघाभर पाण्यातून मी पुस्तकं वर काढत होते, तेव्हाही येत होत्या. नव्या दालनाच्या उद्घाटनाला तुमचं भाषण संपता संपेना आणि मी हार घेऊन शेजारी उभी होते, तेव्हा तर लागोपाठ आल्या. तुम्हाला काही जाणवलं होतं का?"

खजिनदारांनी आठवून पाहिलं. "नाही बुवा."

"मग झेपतंय, असंच ना?"

मिस्त्री बायकोकडे बघतच राहिले. आजवर कितीतरी यंत्रांचं कौतुक त्यांनी केलं होतं, पण हे असं बिनवायरीचं, कुणाच्या दुरुस्तीची गरज नसलेलं धैर्य आपल्याच घरात इतकी वर्षं वावरतंय, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना फार अभिमान वाटला आणि स्वतःची थोडी लाजही वाटली.

"ते पुढचं पुढे बघू," खजिनदार कापडात पुन्हा शिरत म्हणाले. "आधी ते मशीन बंद करा!"

मिस्त्रींनी मुकाट्यानं मोबाईलवर बोट दाबलं. घुमघुम थांबली. बाई खुर्चीवर बसल्या, केस सारखे केले आणि म्हणाल्या, "तर मी मुलांच्या विभागाबद्दल सांगत होते."

त्या सांगत राहिल्या. बुटकी कपाटं कुठे लावायची, उजेड कुठल्या खिडकीतून घ्यायचा, ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांना कोण वाचून दाखवणार. बंद खोलीतली हवा हळूहळू कोंदट व्हायला लागली. आणि दाराशी चोरासारख्या उभ्या राहिलेल्या मिस्त्रींना दिसलं की बाईंच्या कानांच्या पाळ्या लाल होतायत. ह्या वेळी कुठला पट्टा नव्हता की कुठलं ॲप नव्हतं, पण त्यांना आधी कळलं. त्यांचा जीव वरखाली व्हायला लागला.

बाई थांबल्या नाहीत. बोलता बोलता त्यांनी टेबलावरचा टॉवेल उचलला, सगळ्यांदेखत मान पुसली, कपाळ पुसलं, आणि वाक्य जिथे न्यायचं होतं तिथे नेऊन पूर्ण केलं. खजिनदार छताकडे बघायला लागले.

"मिस्त्री!"

हा आवाज अध्यक्षांचा होता. इतका वेळ त्या अवाक्षर बोलल्या नव्हत्या. खजिनदार कापडात आणि बाई कुडकुडत असताना त्या मात्र बाह्या सरसावून ऐसपैस बसल्या होत्या, हे मिस्त्रींच्या आत्ता लक्षात आलं. आता त्यांच्या कपाळावर घामाचे टपोरे थेंब होते आणि हातात बाईंच्या अर्जाची फाईल पंख्यासारखी हलत होती. कंत्राट गेलं, खुर्चीही गेली, असं समजून मिस्त्री दोन पावलं पुढे आले.

"मशीन कुणाला विचारून बंद केलंत?"

"साहेबच म्हणाले..."

"सुरू करा. कित्येक महिन्यांनी आज मी एका जागी सुखानं बसले होते." मग त्या खजिनदारांकडे वळल्या. "तुम्हाला थंडी झेपत नसेल, तर खुशाल बाहेर उन्हात जाऊन बसा. इथलं काम आता फारसं उरलेलं नाही. मुख्य ग्रंथपाल कोण, ते मंडळाला कळवायचं तेवढं राहिलंय."

खजिनदार पेल्यासकट उठले. मिस्त्रींनी बोट दाबलं. मशीन पुन्हा घुमायला लागलं, आणि अध्यक्षांनी बाईंपुढे हात केला.

"तुमचं झालं असेल, तर तो टॉवेल जरा इकडे द्या."