कारखानिसांचा गिअरबॉक्स

विनायक कारखानीस यांच्या गाडीत बसलेल्या माणसाने पहिल्या गिअरपासून चौथ्या गिअरपर्यंत बोलायचं नाही, असा नियम आहे. चौथा पडला की बोलायला हरकत नाही. पण डोंबिवलीत चौथा पडावा इतका मोकळा रस्ता मिळतो कुठे? त्यामुळे आमचा बराचसा प्रवास मौनातच होतो. एकदा मी शिंकलो. कारखानिसांनी गाडी बाजूला घेतली, माझ्याकडे अतिशय दुःखाने पाहिलं आणि म्हणाले, "सावंत, नेमका दुसऱ्याचा तिसरा होत होता हो." मग त्यांनी गाडी वळवली, आलो होतो तेवढे मागे गेलो आणि तोच रस्ता पुन्हा चाललो, बिनशिंकेचा. मला ऑफिसला उशीर झाला. साहेबांना मी ट्रॅफिकचं कारण दिलं. खरं कारण सांगितलं असतं तर त्यांनी मला सुट्टी घेऊन डॉक्टरकडे जायला सांगितलं असतं.

बरं, गाडी ऑटोमॅटिक आहे. म्हणजे क्लच दाबायचा नाही, गिअर टाकायचा नाही, ते सगळं गाडीतला कॉम्प्युटर बघतो. गिअर कधी बदलला ते कळूसुद्धा नये म्हणून लोक असली गाडी घेतात. कारखानिसांनी मात्र तो कळावा म्हणून जिवाचं रान केलं.

कारखानीस आमच्याच मजल्यावर राहतात, डोंबिवली पश्चिमेला. वागळे इस्टेटमधल्या एका रंगांच्या कंपनीत ते क्वालिटी बघतात. माझं विम्याचं ऑफिस तिथून दोन गल्ल्या पलीकडे. खाडीवर माणकोलीचा पूल झाल्यापासून ते ठाण्याला गाडीने जातात आणि शेजारधर्म म्हणून मलाही नेतात. मीही शेजारधर्म म्हणून जातो.

पूर्वी त्यांच्याकडे एक लहानशी पांढरी गाडी होती. तिचा वेग कधी वाढला नाही आणि तिचा हॉर्न सोसायटीत कोणी ऐकला नाही. मग त्यांच्या पत्नी, सुनीतावहिनी, गेल्या. मुलगी मुग्धा जर्मनीत नोकरीला. पुढे एक दिवस कारखानीस खाली उतरले ते एका गडद निळ्या, जमिनीला टेकलेल्या, सेकंडहँड पण भलत्याच ताकदवान गाडीतून. सिग्नलला कॉलेजची पोरं मोबाइल काढून जिचे व्हिडिओ घेतात, तसली गाडी. आत बसलेले कारखानीस मात्र तेच, खिशाला पेन लावलेले आणि काच खाली करून वॉचमनला नमस्कार करणारे. सोसायटी हादरली. आमची ही म्हणाली, "एकटा माणूस आहे. काहीतरी विरंगुळा नको का?" विरंगुळ्यासाठी माणूस बुद्धिबळ खेळतो, नाटकं बघतो, असं मी म्हणालो. पण माझं आमच्या घरी कोण ऐकतं.

पहिले दोन-तीन महिने फार सुखाचे गेले. गाडी अशी चालायची की पुलावर मला डुलकी लागायची आणि वागळेला जाग यायची. त्यानंतर कारखानिसांना बंटी भेटला.

बंटीचं वर्कशॉप वागळे इस्टेटमध्ये, प्लास्टिकच्या एका कारखान्यामागे. एक लॅपटॉप, दोन खुर्च्या आणि भिंतीवर धूर काढत चाललेल्या गाड्यांची पोस्टर्स. बंटी गाडीला लॅपटॉप जोडतो आणि गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर काढून त्यात स्वतःचं भरतो. त्याला तो 'मॅप' म्हणतो. "काका, कंपनीवाले डरपोक असतात," असं त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं. "गिअर असा आरामात टाकतात. आपण असा टाकू ना, की मागून गोळी सुटली पाहिजे."

गोळी सुटली की नाही ते मला माहीत नाही. मागून कोणीतरी लाथ घातल्यासारखं मात्र वाटायला लागलं. दर गिअरला एक लाथ. माझ्या मांडीवरच्या डब्यातली आमटी दुसऱ्या गिअरला हलायची आणि तिसऱ्या गिअरला पँटवर यायची. तेव्हापासून घरून मला फक्त सुक्या भाज्या मिळायला लागल्या. मी हे सगळं कारखानिसांना बोलून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिकतेय."

हा त्यांचा आवडता शब्द. नवीन सॉफ्टवेअर भरलं की गिअरबॉक्सला चालवणाऱ्याच्या सवयी नव्याने शिकाव्या लागतात, असं त्याचं शास्त्र आहे म्हणे. गाडीने झटका दिला, शिकतेय. सिग्नलला थरथरली, शिकतेय. माणकोलीच्या पुलाचा चढ चढताना ट्रॅफिकमध्ये थांबलो आणि गाडी हळूच मागे घसरायला लागली, मागचा रिक्षावाला आमच्या खानदानाची चौकशी करू लागला, तरी शिकतेय. माझा मुलगा तेव्हा बारावीला होता. इतक्या सवलती मी त्याला कधी दिल्या नाहीत.

बंटीही हार मानणाऱ्यातला नव्हता. "काका, टेन्शन नका घेऊ, मॅप थोडा सॉफ्ट करून देतो," म्हणून त्याने दुसरा मॅप भरला. त्यात झटके गेले आणि थरथर आली. तिसऱ्यात थरथर गेली आणि क्लच तापायला लागला. क्लच तापला की गाडीने एक नवीनच प्रकार सुरू केला. दुसरा, चौथा आणि सहावा गिअर पडेनासे झाले, आणि त्यांच्याबरोबर रिव्हर्सही गेला. "सम गिअर एका बाजूला असतात ना, रिव्हर्स त्यांच्यातला," असं कारखानिसांनी मला समजावलं. जणू काही घरातल्या भांडणात रिव्हर्सने धाकट्या भावाची बाजू घेतली होती.

रिव्हर्सशिवाय कारखानिसांचं आयुष्यच बदललं. जिथून सरळ पुढे निघता येईल अशाच जागी ते गाडी लावायचे. अशी जागा सापडेपर्यंत आम्ही वागळे इस्टेटला प्रदक्षिणा घालायचो. ज्या नातेवाइकांच्या इमारतीला एकच फाटक होतं, त्यांच्याकडे जाणं त्यांनी बंद केलं. संध्याकाळी सोसायटीत आल्यावर, गिअरबॉक्स थंड होऊन रिव्हर्स परत येईपर्यंत, ते एसी लावून गाडीतच बसून राहायचे आणि मी सभ्यपणा म्हणून त्यांच्याबरोबर. वरून आमची ही गॅलरीतून बघायची. तिच्या चेहऱ्यावर काय असायचं ते मी सांगत नाही.

आणि दर रविवारी परीक्षा. संध्याकाळचा चहा झाला की कारखानीस बेल वाजवायचे. "सावंत, येता का जरा? दुसरा माणूस गाडीत असला की वजन बरोबर पडतं." पुलावर गेलो की गाडीच्या स्पीकरवर मुग्धाचा फोन यायचा. ही मुलगी जर्मनीत कोणत्या कंपनीत आहे? गिअरबॉक्स बनवणाऱ्या. तिचं काम काय? गिअर नीट पडतो की नाही हे बघणं. म्हणजे जगात ज्या मोजक्या माणसांना या विषयातलं कळतं, त्यांतली एक या गृहस्थांच्या पोटची. ती विचारायची, "बाबा, झटका आहे की थरथर? थंड असताना की गरम झाल्यावर? ब्रेकवर पाय असताना काय होतं?" कारखानीस एकेक करून दाखवायचे आणि सांगायचे. ती समजावत राहायची, हे हं-हं करत राहायचे. अर्धा-पाऊण तास असाच जायचा. आणि शेवटी ती दर वेळी एकच सांगायची, "बाबा, ते सॉफ्टवेअर काढा आणि कंपनीचं परत टाका. सगळं बंद होईल."

"बघतो," कारखानीस म्हणायचे. आणि सोमवारी बंटीकडे जायचे.

मी एकदा न राहवून फोनमध्येच म्हणालो की अगं, तू तरी यांना जरा दम दे. ती हसली. "काका, मी सांगून थकले," म्हणाली. मला त्या पोरीची दया आली. स्वतःच्या पोरीच्या विद्येवर विश्वास नाही आणि बंटीच्या पोस्टरवर आहे, याला काय म्हणावं?

सगळ्याचा कडेलोट झाला कल्याणपलीकडच्या मोहने गावात. माझ्या भाचीचा साखरपुडा होता. आमच्या आत्याच्या गुडघ्यांमुळे कारखानिसांनीच आपणहून गाडी काढली. कल्याणच्या ट्रॅफिकमध्ये गिअरबॉक्स व्हायचा तेवढा गरम झाला आणि मुलाच्या घरची म्हणून आम्ही ज्या गल्लीत शिरलो ती चुकीची निघाली. पुढे भिंत. मागे जायचं तर रिव्हर्स नाही. आत्या काही केल्या उतरेना. शेवटी मुलाकडची माणसं धावत आली आणि सिल्कचे कुर्ते घातलेल्या त्या सज्जनांनी आत्यासकट गाडी मागे ढकलत मुख्य रस्त्यापर्यंत आणली. त्यात खुद्द नवरा मुलगा होता. कारखानीस खिडकीतून मुलाच्या वडिलांना सांगत होते की काळजी नसावी, सम गिअर तेवढे गेलेत, विषम शाबूत आहेत. पुढे जेवणाच्या पंगतीत त्या वडिलांनी मला हळूच विचारलं की हे गृहस्थ तुमचे कोण. मी म्हणालो, कोणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी निक्षून सांगितलं. एक तर गाडीत कंपनीचं सॉफ्टवेअर परत येईल, नाहीतर मी उद्यापासून ठाण्याला खोपट डेपोत जाणारी एसटी बघतो. कारखानिसांनी खिशाचं पेन काढलं, पुन्हा लावलं. मग म्हणाले, "तुम्ही म्हणताय तर करून टाकू."

मी रजा टाकून त्यांच्याबरोबर बंटीकडे गेलो. बंटीने मूळ सॉफ्टवेअर जपून ठेवलं होतं, एवढं एक शहाणपण त्याच्याकडे होतं. त्याने ते परत भरलं, गिअरबॉक्सचं जळकं तेल बदललं. कारखानीस बाहेर खुर्चीवर, आत कोणाचं तरी ऑपरेशन चाललंय असे बसून होते. संध्याकाळी आम्ही निघालो आणि काय सांगू, शांत पाण्यात होडी सोडावी तशी गाडी. झटका नाही, थरथर नाही, चढावर घसरणं नाही. सोसायटीत आल्याआल्या रिव्हर्स पडला. वागळेपासून डोंबिवलीपर्यंत मी अखंड बोलत होतो, सगळ्या गिअरांमध्ये. कारखानीस गप्प होते. बंटीपुढे मान खाली घालावी लागली म्हणून असेल, असं मला वाटलं.

रविवारी बेल वाजली. मी विजयी मुद्रेने गाडीत बसलो. पुलावर मुग्धाचा फोन आला.

"बाबा, काय म्हणतेय गाडी?"

"छान आहे. कंपनीचं टाकलं परत. सावंत होते बरोबर."

"अरे वा. मग झटका?"

"नाही."

"आणि रिव्हर्स?"

"येतो ना. एकदम नीट."

"बरं झालं," ती म्हणाली. फोन कट झाला असं मला वाटलं, पण तिचा श्वास ऐकू येत होता.

"जेवलीस का?" कारखानिसांनी विचारलं.

"हो. तुम्ही?"

"मी पण."

"बरं. ठेवते मग, बाबा."

फोन बंद झाला. आम्ही अजून पूल अर्धादेखील चढलो नव्हतो. कारखानीस समोर बघत गाडी चालवत होते. गिअर बदलत होते आणि ते कळतही नव्हतं.

"सुनीता असताना फोन तिचाच असायचा," ते म्हणाले. "तासभर बोलायच्या दोघी. शेवटी मला द्यायची. मी विचारायचो जेवलीस का, आणि फोन परत तिच्याकडे." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "ती गेल्यावर रविवारी फोन यायचा तो असाच. आताचा ऐकलात ना, तसा. मग वाटलं, पोरगी ज्यावर काम करते तसली गाडी घ्यावी. काही विचारता येईल." ते जरासे हसले. "पण सावंत, पहिले दोन-तीन महिने गाडीत काही दोषच नव्हता हो."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. खाली खाडीत रेतीची एक होडी चालली होती. गेलं वर्षभर मी या माणसाला मनातल्या मनात काय काय म्हणालो होतो, ते सगळं आठवत होतं.

पूल उतरून माणकोलीला लागलो, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. मुग्धाच होती.

"बाबा, एक विचारायचं राहिलं. चढ चढताना, हळू जाताना, दुसऱ्याहून तिसऱ्याला जाते तेव्हा नीट आहे ना? तिथे कधीकधी राहतं काहीतरी. नीट बघितलंत का?"

जन्मभर क्वालिटी बघितलेला माणूस, नसलेला दोष आहे म्हणून सांगणं त्याला जमेना. "नाही गं," ते म्हणाले, "म्हणजे, मला तरी..." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मुग्धा, मी सावंतकाका," मी म्हणालो. "मला जाणवलं बघ काहीतरी. चढावरच. अगदी बारीक."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "कसं काका? झटका की थरथर?"

कारखानिसांनी माणकोलीच्या वळणावरून गाडी परत फिरवली.

"फोन ठेवू नकोस, मुग्धा," ते म्हणाले. "पूल पुन्हा चढून बघतो."