लघवीच्या तपासणीची तयारी

निवृत्त ड्रिलमास्तरांनी जन्मात एकही परीक्षा तयारीशिवाय दिली नव्हती. ज्येष्ठांच्या रिले शर्यतीत धावायचं तर डॉक्टरांचा दाखला हवा आणि दाखल्यासाठी लघवी तपासायला हवी, हे कळताच ते भल्या सकाळी गच्चीवर गेले. घाम निथळेपर्यंत बैठका काढल्या, दोरीवरच्या उड्या मारल्या आणि लॅबचा जिनाही पळतच चढले.

संध्याकाळी रिपोर्ट आला. लघवीत रक्त आणि प्रथिनं!

"अगंबाई, रक्त?" बायकोनं रिपोर्ट त्यांच्या हातातून ओढून घेतला.

"मला तर काही लाल दिसलं नाही."

"चष्म्याशिवाय तुम्हाला मी तरी दिसते का?"

तिने लगेच भावाला फोन लावला. त्याची हयात औषधांच्या दुकानात गेलेली. "खडा असेल. नाहीतर प्रोस्टेट. जंतुसंसर्ग, साखर, रक्तदाब... किंवा मूत्रपिंडाची चाळणीच गळत असेल. पण दाजी, घाबरू नका हं!"

खडा म्हणताच मास्तरांच्या कुशीत कळ आली, प्रोस्टेट म्हणताच घाईची लागली आणि चाळणी ऐकून ते आडवेच झाले. "रविवारी शर्यत आहे गं," एवढंच ते क्षीण आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "तपासणीआधी काही विशेष केलं होतंत?"

मास्तरांनी छाती फुगवून सगळं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"अहो, इतक्या दमछाकीनंही लघवीत रक्त आणि प्रथिनं उतरू शकतात! पण या वयात तेवढ्यावर सोडून देत नाहीत. सोनोग्राफी करू, रक्तदाब बघू आणि शुक्रवारी पुन्हा तपासू. तोवर पडून राहायचं."

मास्तर पलंगावरही शिस्तीत पडले, टाचा जुळवून. तेवढ्यात संघाचे कप्तान, निवृत्त पोस्टमन, दारात उभे. "सरावाला एक माणूस कमी पडतोय हो!"

"मी येते की," बायको पदर खोचत म्हणाली. "दांडी हातातून हातात पोचवायची, एवढंच ना?"

शनिवारी रिपोर्ट आला. रक्त नाही, प्रथिनं नाहीत, सोनोग्राफीही स्वच्छ. मास्तरांनी पलंगावरच उडी मारली. चौकशीला आलेले कप्तान मात्र चपलांकडे बघत राहिले.

"मास्तर, रिपोर्ट झकास आहे. पण... वहिनी तुमच्याआधी पोचतात."

रविवारी सकाळी बायको बूट घालत होती. मास्तर खाकरले. "दाखला सगळ्यांनाच लागतो, बरं का. आणि सराव करून तपासणी दिलीस, तर तुझ्याही लघवीत रक्त निघायचं. मग विश्रांती. मग शर्यत हुकली. अरेरे!"

"कालच मिळाला दाखला. शुक्रवारी तुमच्या बाटलीशेजारी माझीच तर बाटली होती," ती हळूच म्हणाली. "सरावाला सुट्टी घेतली आणि लॅबमध्ये लिफ्टनं गेले."

मास्तरांनी खाली वाकून तिच्या बुटाची नाडी घट्ट केली.

"श्वास नाकानं घे. आणि धावताना मागं वळून बघू नकोस."

"इश्श! मागं बघायला तुम्ही थोडेच असणार आहात?"