ट्रकचं झाकण, जीपचं पोट

आमच्या शेजारचा नाना माणसाची विचारपूस नंतर करतो, आधी गाडीची. दारात जीप थांबली की आतल्याला 'या' म्हणायच्या आत हा रस्त्यावर पाठ टेकून गाडीखाली. भाचीच्या लग्नात नव्या पांढऱ्या सदऱ्यानिशी फुलं लावलेल्या गाडीखाली शिरला. वरात खोळंबली. पाठीला काळं ऑइल फासून बाहेर आला आणि नवरदेवाला म्हणाला, "जावईबापू, गाडी वरून झकास हाय, पण पोट उघडं हाय!"

पोट म्हणजे मागच्या दोन चाकांच्या मधला लोखंडी गोळा. त्यात दातेरी चाकं आणि तेल असतं. डोंगराच्या वाटेवर दगड लागून तो फुटला की तेल सांडतं आणि गाडी बसते. मी चौथी शिकलेली बाई, पण वीस वर्षं भिंतीपलीकडून हेच ऐकतेय.

नाना मूळचा सायखेड्याचा. इंदिरानगरात येऊन भंगारातून जुन्या ट्रकच्या मागच्या चाकांना जोडणारे आस गोळा करतो. आसाच्या मधोमध घमेल्यासारखं जाड झाकण असतं. ते कापून, घासून जीपच्या गोळ्याखाली बसवतो. बाजारातलं तयार त्याला चालत नाही. "आक्का, तो पत्रा नाय, पापड हाय." त्याच्या ग्राइंडरच्या ठिणग्यांनी माझ्या वाळत घातलेल्या दोन साड्यांची चाळण झाली. जाब विचारला तर म्हणतो, "हवा लागंल, आक्का. उन्हाळा हाय."

रविवारी शहरातले हौशी लोक मोठाल्या जीपा घेऊन डोंगर चढायला निघतात. नाना विचारतो, "वर काय हाय?"

"काही नाही नाना, मजा."

"मग खाली कशाला येता?"

असा तोंडाळ माणूस, पण पोटच्या मुलीशी बोलत नव्हता. सुनंदा नर्स आहे. शहरातली नोकरी सोडून सुरगाण्याकडच्या डोंगरात एका दवाखान्यात गेली. "तिकडं रस्ता तरी हाय का?" म्हणून नाना भांडला. रागात 'परत येऊ नको' म्हणाला, आणि ती दोन वर्षं आली नाही. बाप मूर्ख, लेकही त्याचीच. आधी फोन कुणी करायचा यावर दोघं अडून बसलेले. बायको तर कधीच वारली. घरात हा एकटा.

परवा त्याच दवाखान्याची जीप घेऊन ड्रायव्हर आला. दगडाने गोळ्याला चीर गेली होती. नानाने मुलीबद्दल चकार शब्द काढला नाही. चीर बुजवली, ढिगातलं सगळ्यात जाड झाकण निवडलं आणि दोन दिवस तेच घासत बसला. बसवून झाल्यावर ड्रायव्हर वाकून बघतो तर काय!

"नाना, तेल सोडायचं भोक राहिलं की!"

हे भोक ठेवावंच लागतं, नाहीतर तेल बदलताना अख्खं झाकण खोलावं लागतं. इतक्या गाड्या केल्या, नाना ते कधी विसरला नाही.

"असू दे. तेल बदलायला इथंच आणायची. मी खोलीन."

"एवढ्या लांब?"

"आणायची. अन् रिकामी नको. मागं वजन असल्याबिगर झाकण कुठं घासतं ते कळत नाय."

"मग सिमेंटची गोणी टाकतो."

"गोणी नको. रोज कोण बसतं मागं?"

"तुमची सुनंदाताईच बसते."

नानाने फडक्याला हात पुसले.

"मग तेच वजन पाहिजे. दुसरं चालायचं नाय."