एकगोत्री बुरशीची हकीकत

श्रीवनरक्षिणी कुलस्वामिनी प्रसन्न असो. शके सोळाशे एक्केचाळीस, विकारी नाम संवत्सरी, समुद्रतीरीच्या एका राज्यात अनर्थ ओढवला, तो जैसा घडला तैसा लिहिला असे. राज्यास राने दोन, एक पूर्वेस, एक पश्चिमेस, आणि मध्ये खिंड. आरमाराचे लाकूड याच रानांचे, आणि शत्रूची गलबते तो समोर दिसू लागली होती. ऐशात पूर्वेची झाडे शेंड्याकडून वाळू लागली, आणि साल काढून पाहता आत भुंगेऱ्यांची बिळे, आणि बिळांत काळी बुरशी. पश्चिमेसही दोन-चार झाडांस तीच व्याधी. मग महाराजांनी राजवैद्य तिमाजीपंतांस आज्ञा केली, आणि पंतांनी दोहींकडील बुरशी घरी आणून फळांच्या फोडींवर लाविली आणि फिरंगी भिंगातून पाहिली. दोन्ही एकत्र ठेविता लांब मानेच्या घड्यांसारखी बारीक काळी फळे धरिली, त्या घड्यांच्या तोंडी चिकट थेंब आले, त्यांत बुरशीचे बीज; तोच थेंब भुंगेऱ्याच्या अंगास लागून झाडोझाड जातो. एकेकटी ठेविता नुसता कापूस वाढला, घडे नाहीत. मग पंतांनी दरबारी अर्ज केला, "बुरशीची गोत्रे दोन, महाराज, पूर्वेस एक, पश्चिमेस दुसरे. सगोत्रात संतान नाही. दोन्ही भेटू नयेत म्हणून खिंड बंद ठेवावी, पूर्वरान तोडू नये. माझे शिर जामीन."

आरमाराचे सुभेदार हैबतराव म्हणाले, "मग पूर्वेस इतकी झाडे वाळली कशी?"

पंतांनी अवर्षणाचे कारण सांगितले, आणि महाराजांनी ते मानिले.

पुढे एके सकाळी पंतांनी कोनाड्यात राहिलेली एकट्या पूर्वेच्या बुरशीची फोड उचलिली, तो तीवर काळे घडे उभे! त्या गोत्रातील काहींनी आपलेच गोत्र पालटून घरातल्या घरात लग्न लाविले होते. पत्नी म्हाळसाबाई म्हणाल्या, "कोणी पाहिले नाही. चुलीत टाका."

"फोड चुलीत जाईल. रानाचे काय करू?" ऐसे बोलून पंत फोड घेऊन तैसेच दरबारी गेले आणि सर्व निवेदन केले.

महाराज म्हणाले, "जामीन काय होता?"

"शिर, महाराज."

हैबतराव पुढे झाले, आणि पंतांनी मान लवविली. परंतु सुभेदार बोलले, "शिर मागाहून घ्यावे. भुंगेरे उडण्याआधी कोणती झाडे पाडावी, हे याच शिरास कळते."

मग कुऱ्हाडी निघाल्या, आणि पंत पुढे होऊन चुन्याने खुणा करीत गेले, आणि मागे झाडे पडत आणि जळत गेली, आणि वारा खिंडीकडे फिरला तेव्हा भुंगेऱ्यांचे थवे उठले, आणि हैबतरावांनी खिंडीत ओल्या पाल्याचा धूर कोंडविला. थवे माघारी फिरून आगीत पडले.

सारांश, पूर्वरान गेले, पश्चिमरान वाचले, आरमार पाण्यात उतरले. शिराची गोष्ट महाराजांनी पुन्हा काढिली नाही. राजवैद्यकी मात्र दुसऱ्यास दिली, आणि पंतांस त्याचे दुःख झाले नाही, ऐसे लिहिता येत नाही.