बरडावरील एका खड्ड्याची मोहीम

श्रीगजानन प्रसन्न. वसमत कसब्याचे राहणार राजमान्य राजेश्री सूर्यकांतराव, निवृत्त अव्वल कारकून, यांनी शके १९४७, विश्वावसुनाम संवत्सरी, डोंगरकड्याच्या वाटेवरील तांड्याच्या बरडात एका खड्ड्यावर जी स्वारी तडीस नेली, तीत किती मंगळवार खर्ची पडले, किती चेंडू तरोट्याच्या तणात गहाळ जाहले आणि खाशांनी अखेर कोणत्या उपायाने फत्ते केली, हे मागाहून येणारांस ठाऊक असावे म्हणून ही हकीकत लिहिली आहे. लिहिणाराने पदरचा मसाला घातला नाही, कारण मूळचाच पुरेसा होता.

सूर्यकांतराव यांनी चौतीस वर्षे जिल्ह्यातील एका कचेरीत खिडकी राखिली. कचेरी कोणती ते लिहिण्याची परवानगी नाही. रयतेने अर्ज घेऊन यावे, आणि खाशांनी चष्मा कपाळावर चढवून कागद वरून खाली आणि मग खालून वर पाहावा, आणि एक त्रुटी काढावी, आणि मग "मंगळवारी या" ऐसा हुकूम फर्मावावा, हा तेथील रिवाज. मंगळवारी रयत आली म्हणजे पुढला मंगळवार दाखवावा. लाचलुचपतीचे नाव नाही, चहादेखील घरून थर्मासात आणिलेला. माणूस निर्मळ, फक्त हातून काम म्हणून होत नसे.

निवृत्तीचा नारळ हाती पडला आणि खाशांस मोकळ्या वेळाने घेरिले. मग हार्मोनियम आणिली, ती तीन आठवड्यांत शिकस्त खाऊन माळ्यावर कैदेत गेली. मग कॅमेरा गेला, मग मधमाश्यांची पेटी गेली, आणि मग संस्कृत संभाषणाचे बारा भाग गेले, पैकी अकरांची वेष्टणे शाबूत. तिसरा आठवडा लागला की खाशांचा धीर सुटे. आज सूर धरिला तर उद्या मैफल व्हावी, ऐसा स्वभाव. ज्यांनी अवघ्या रयतेस थांबविले, त्यांस स्वतःस थांबण्याची सवय कोणी लाविली नव्हती.

अशात संक्रांतीस खासे पुण्यास कन्या रेवती हिचे घरी गेले आणि तिचे सासरे अनिरुद्धराव यांनी व्याह्यांस गोल्फाचे मैदान दाखविले. हिरवे गवत, वाकड्या टोकाची लोखंडी काठी, सुपारीहून थोडा थोर पांढरा चेंडू, आणि दूर निशाणाखाली खड्डा. चेंडू मारीत मारीत खड्ड्यात घालावा, आणि जितके टोले कमी तितका खेळणारा थोर, इतकाच कायदा. खाशांनी काठी उगारिली आणि तीन वेळा वारा कापिला, चेंडू जागचा हालला नाही. अनिरुद्धराव सभ्य गृहस्थ, ते फक्त मिशीत हसले. ते हसू खाशांस फार लागले. मग निघतेसमयी व्याह्यांनी आपल्या जुन्या काठ्यांची पिशवी भेट दिली आणि ती घेऊन खाशी स्वारी वसमतेस दाखल जाहली.

पिशवी दारात उतरली तेव्हा सौभाग्यवती ताराबाईसाहेब शिलाई यंत्रावर बसल्या होत्या. त्यांनी पाय न थांबविता हुकूम सोडिला.

"अहो, माळ्यावर आता जागा नाही. आपल्या घरी खंडेनवमीला हळदकुंकू लागतं ते राबलेल्या हत्याराला. माझ्या यंत्राला लागतं, विळीला लागतं. ही काठी त्या दिवशी पाटावर बसली तर बसली. नाहीतर ती आणि माळ्यावरचं सगळं भंगारवाल्याला. आणि मग नवीन काही आणायचं नाही."

राबली हे ठरवावे कैसे, याचा तह जाहला. दीडशे पावलांवरून चेंडू फार तर दहा टोल्यांत खड्ड्यात, आणि जमीनमालकाची सही असलेला पंचनामा. खाशांच्या तोंडी साक्षीवर बाईसाहेबांचा भरवसा नव्हता, कारण हार्मोनियमच्या वेळी "भूप बसला" ऐसे त्यांनी पाचव्या दिवशीच जाहीर केले होते. खाशांस भंगाराचे भय नव्हते. नवीन काही आणायचे नाही म्हणजे दुपारी निजावे आणि संध्याकाळी नाक्यावरच्या बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या गाड्या मोजाव्या. ते बाक खाशांनी पाहिले होते. त्यावर बसलेल्यांपैकी कोणी परत उठून कामास लागला, ऐसे ऐकिवात नाही.

माघ मासी खाशी स्वारी एसटीने मुलूखगिरीस निघाली. पिशवीत फवारणीचे यंत्र आहे ऐसे समजून कंडक्टराने ती मागे ठेवविली. डोंगरकड्याच्या अलीकडे एका तांड्यापाशी, हळदीच्या रानाला लागून, एक बरड तुकडा दिसला. दगड, तरोटा आणि मधोमध एक बाभूळ. मालक तांड्याचे कारभारी हरिचंद. खाशांनी अर्ज गुदरला. हरिचंदांनी खाशांचे मुख बराच वेळ न्याहाळिले आणि मग म्हटले, "मंगळवारी या, साहेब. बाकीच्या दिवशी मायच्या शेळ्या ऱ्हातात तिथं."

हे वाक्य कोठेतरी ऐकिले आहे ऐसे खाशांस वाटले, पण कोठे ते ध्यानी येईना.

पहिल्या मंगळवारी खाशांनी रंगाचा रिकामा डबा जमिनीत पुरिला, वर तांबडे निशाण रोविले आणि बाभळीपासून तेथवर दीडशे पावले भरतात ना ते मोठ्याने मोजीत चालू लागले. ते पाहून तांड्यात हाकाटी उठली की मोजणी आली. घटकाभरात अवघा तांडा सातबारे, नकाशे आणि जुन्या पावत्या घेऊन हजर, आणि कोणी म्हणे हायवे येऊन राहिला, कोणी म्हणे कॅनॉल. हरिचंदांची माय जमनाबाई यांनी तर निशाणच उपटून हाती घेतले. मोजणी नव्हे, खेळ आहे, हे पटविता पटविता दुपार कलली, आणि मग खाशांनी एकेचाळीस टोल्यांत चेंडू डब्यात घातला. जमनाबाई अखेरपर्यंत पाहत होत्या. त्यांनी लेकास विचारिले, "काहून मारून राहिला रे? हातानं उचलून टाकला तर कोन भांडनार हाय?"

मग मंगळवारामागून मंगळवार गेले. एकेचाळिसाचे अडतीस जाहले आणि अडतिसाचे एकोणचाळीस. चैत्रात सत्तावीस, तेव्हा खाशांनी घरी पेढे आणिले, आणि पुढल्याच मंगळवारी चौतीस, तेव्हा उरलेले पेढे कोणी खाईना. अनिरुद्धरावांनी फोनवरून सल्ला पाठविला की व्याहीबुवा, टोला मारिताना डोके खाली ठेवावे, चेंडू कोठे गेला ते आधी पाहू नये. परंतु चेंडू कोठे गेला ते पाहण्यासाठीच तर खासे मारीत होते. काठी चेंडूस लागण्यापूर्वीच मान वर, आणि मान वर म्हणजे चेंडू तरोट्यात, ऐसे प्रत्येक वेळी घडे.

श्रावणात पावसाने रान धरिले, डब्यात बेडूक राहावयास आले, आणि तीन मंगळवार पाण्यात गेले. चौथ्या मंगळवारी उघाड पडली आणि खासे मोठ्या उमेदीने उभे राहिले. मागल्या खेपेस चौदा होते. त्या दिवशी तेवीस. मग खाशांनी काठी भुईवर आपटिली, बांधावर बसकण मारिली आणि म्हणाले की सहा महिने जाहले, आता पुरे, याउपर आमच्याने होत नाही.

हरिचंद शेजारी हळदीच्या वाफ्यातले पाणी काढीत होते. ते कुदळ टेकून बसले. मग त्यांनी खिशातून शेंगा काढिल्या आणि अर्ध्या खाशांपुढे ठेविल्या.

"सहा म्हैने? साहेब, मी अकरा वर्षं आलो तुमच्या खिडकीवर."

खाशांनी मान वर केली. या खेपेस मान वर करण्याचे कारण होते.

"हाच तुकडा," हरिचंद म्हणाले. "बाप गेला, त्याचं नाव काढून माजं लावायचं व्हतं. तुमी म्हनायचे मंगळवारी या. मी तांड्यावरनं यायचो, एसटीनं. पयले दोन वर्षं खिडकीतून लई डोकावलो. डोकावलो की तुमी फाईल खाली ठिवायचे. मग डोकावनं सोडलं. भाईर बाकड्यावर बसायचं, शेंगा खायच्या, हाक आली तर उठायचं, न्हाई आली तर घरी. तवा कुठं जिवाची तकलीफ कमी झाली."

मग खाशांनी हळू आवाजात विचारिले की काम अखेर कधी जाहले.

"तुमी रिटायर झाले त्याच म्हैन्यात. तुमच्या जागी अपर्णा म्याडम आल्या. सहा दिवसांत केलं त्यांनी."

चौतीस वर्षांत किती माणसे त्या बाकड्यावर बसली असतील याचा अदमास खासे करू लागले आणि तो करवेना. लाज वाटली, आणि ती कानापर्यंत गेली. शेंग फोडून दाणे हातातच राहिले. एकदा विचारावे वाटले की मग ही जागा आम्हांस का दिलीत, पण विचारिले नाही. मग उठून त्यांनी काठी पुसली आणि चेंडू बाभळीपाशी ठेविला.

त्या दिवसापासून खाशांनी चेंडूकडे पाहणे सोडिले, म्हणजे गेलेल्या चेंडूकडे. टोला मारावा, मान खाली ठेवावी, मनात एक ते पाच म्हणावे, आणि मग सावकाश चालू लागावे. तेविसाचे अठरा जाहले, मग अठराच, मग पुन्हा अठरा. ताराबाईसाहेबांनी विचारिले की आज काय जाहले, तर खासे म्हणत, अठरा. चिडणे नाही, पेढे नाहीत. बाईसाहेबांस हे नवीन होते आणि त्यांनी खाशांस तापबीप तर नाही ना म्हणून कपाळास हात लावून पाहिला.

आश्विन शुद्ध अष्टमी, मंगळवार, उजाडला. दुसरे दिवशी खंडेनवमी, म्हणजे हा अखेरचा. रात्रीचा पाऊस थांबून ऊन पडले होते. हरिचंद निशाणापाशी मोजावयास उभे राहिले आणि जमनाबाई बांधावर. पहिला टोला तरोट्याच्या डोक्यावरून गेला. दुसरा, तिसरा, चौथा बरे. पाचव्यास दगड लागून चेंडू कडेच्या नाल्यात. सहा आणि सात नाल्यातच. आठव्यास वर आला, नवव्यास डब्यापासून दोन हातांवर येऊन थांबला. मान वर करून डबा किती दूर आहे ते पुन्हा पाहावे, ऐसे खाशांच्या जिवास फार वाटले. मग त्यांनी दहावा टोला हळूच दिला आणि मान खाली ठेविली.

एक. दोन. तीन. चौथ्यास पत्र्याचा आवाज आला.

तरी खाशांनी पाच म्हटल्याखेरीज मान उचलिली नाही. वर पाहिले तो हरिचंद डब्यात वाकून पाहत होते आणि जमनाबाई म्हणत होत्या, "गेला बाई एकदाचा."

पंचनाम्याचा कागद खाशांनी माघातच रकाने आखून खिशात घातला होता. आठ महिन्यांत त्याच्या घड्या मऊ पडल्या होत्या. ठिकाण, तारीख, टोले, साक्षीदार, आणि जुन्या सवयीने आखिलेला एक रकाना, विलंबाचे कारण. कागद हरिचंदांच्या हाती दिला. हरिचंदांनी तो वरून खाली पाहिला, आणि मग खालून वर पाहिला.

"ह्यो रकाना रिकामा हाय, साहेब. त्रुटी हाय. मंगळवारी या."

उद्या खंडेनवमी, सही नाही म्हणजे काठी गेली, हार्मोनियम गेली, आणि पुढे ते नाक्यावरचे बाक. हुज्जत घालावी तर कायद्याने घालता येत होती आणि कायदा खाशांइतका कोणास ठाऊक नव्हता. परंतु त्यांस अकरा वर्षे दिसली. मग त्यांनी कागदाची घडी केली, "बरं, येतो" म्हणाले, पिशवी खांद्यास लाविली आणि सडकेकडे चालू लागले. मागे वळून पाहिले नाही.

वीस पावले गेले असतील.

"ओ साहेब!" हरिचंद मागून ओरडले. "आज मंगळवारच हाय की!"

जमनाबाई पदर तोंडास लावून हसत होत्या. खासे परत आले, हसावे की रडावे ते न समजून दोन्ही थोडे थोडे केले, आणि मग खिशातून पेन काढून त्या रिकाम्या रकान्यात आपल्या सुवाच्य कारकुनी अक्षरात लिहिले, "मी स्वतः."

हरिचंदांनी वाचिले. "कोनच्या विलंबाचं लिवलं हे?"

"दोन्ही," सूर्यकांतराव म्हणाले.

मग हरिचंदांनी पेन घेतले आणि घाई न करता, एकेक अक्षर बसवीत, सही केली.

दुसरे दिवशी वसमत मुक्कामी पाटावर शिलाई यंत्र, विळी, कात्री आणि त्यांचे शेजारी टोकास चिखल लागलेली लोखंडी काठी, ऐसी मांडणी जाहली. ताराबाईसाहेबांनी पंचनामा दोनदा वाचिला, शेवटल्या रकान्यापाशी थांबल्या, आणि काठीस हळदकुंकू लावून सर्वांत मोठे झेंडूचे फूल तीवर ठेविले. हळद हरिचंदांच्या रानातली होती.

येणेप्रमाणे बरडावरील मोहीम दहा टोल्यांत, आठ महिने खर्चून फत्ते जाहली. पुढल्या मंगळवारी एकोणीस टोले लागले. हेही येथे नमूद केले आहे, कारण खासे स्वतः म्हणाले की लिहा.