हुच्च्यांच्या घरातला पाचवा जीव

नगरपरिषदेच्या हद्दीत एका घरात चारच जीव राहू शकत, त्यामुळे म्हैस व्याली त्या सकाळी इराप्पा हुच्चेच्या घरातल्या कोणाला तरी कोंडवाड्यात जाणं भाग होतं.

इराप्पा गवळी. घरात तो, बायको महादेवी, म्हातारे वडील बसाप्पा आणि म्हैस. रेडकू पाचवं.

दुपारी पशुनिरीक्षक कुलथे आले. माणूस भला. रेडकाच्या पाठीवरून त्यांनी हात फिरवला, ओट्यावर बसून चहा घेतला.

"म्हैस दुभती आहे. वर्षभर तिला हलवता येत नाही, विकताही येत नाही. रेडकू अंगावर पिणारं, त्यालाही तेच लागू. राहिलात तुम्ही तिघं."

"साहेब, माणसांना काही सूट?" इराप्पाने विचारलं.

"होती. मागच्या सभेत काढली. जनावरांवर अन्याय होतो, असं सगळ्यांचं मत पडलं."

मग बसाप्पा धोतर झाडत उठले. "मी जातो. तुम्ही दोघं कामाची माणसं."

इराप्पाला 'नको' म्हणायचं होतं. त्याची नजर म्हशीकडे गेली. बसाप्पांनी ते पाहिलं आणि चपला शोधायला वळले.

कोंडवाडा गावाबाहेर होता, वर पत्रा. बसाप्पांच्या एका बाजूला मोकाट वळू, दुसऱ्या बाजूला शिंप्याची विधवा बहीण. चारापाणी मालकाने पुरवायचं, म्हणून इराप्पा रोज भाकरी आणि दूध नेई. कानात टोचलेला पिवळा बिल्ला म्हातारा मुंडाशाखाली झाकून घेई.

"दुखतंय का, अप्पा?"

"आता नाही. म्हैस पान्हा नीट सोडते ना?"

एखाद्या घरात जागा असेल तर वडील गावातच राहतील, म्हणून इराप्पा दारोदार फिरला. कुंभाराची आजी वारल्याचं कळलं तेव्हा तो धावतच गेला. पण त्यांनी तिरडी उचलल्याबरोबर शेळी आणली होती.

बाजाराच्या दिवशी कोंडवाड्यातल्या जिवांचा लिलाव झाला. बसाप्पांना शेजारच्या तालुक्यातल्या एका बागायतदाराने घेतलं. त्याने दात पाहिले, चालवून पाहिलं, मग इराप्पाला बाजूला बोलावलं.

"खोड काही? खरं सांगा."

खरं सांगणं मालकावर बंधनकारक होतं. "खोड नाही. खोकला आहे. आणि अंधारात एकटं ठेवू नका, घाबरतात."

"आमच्या गोठ्यात दिवा असतो," बागायतदार समजुतीने म्हणाला.

फळी टाकून बसाप्पांना टेम्पोत चढवलं. इराप्पाने खालून आधार दिला. टेम्पो सुटल्यावर म्हातारा काहीतरी ओरडला, पण शेजारच्या बोकडांच्या गलक्यात ते ऐकू आलं नाही.

इराप्पा घरी आला तेव्हा महादेवी चुलीपाशी नुसतीच बसली होती. चूल पेटवलेली नव्हती.

"मला दिवस गेलेत," ती म्हणाली.

इराप्पाने दारातच बोटांवर मोजलं: ती, म्हैस, रेडकू, येणारं मूल; चार भरले. मग आत आला आणि चरवी उचलून तिच्या हातात दिली.

"चल. धार काढायला शीक," तो म्हणाला. "डावीकडून बसू नकोस. लाथ मारते."