काकूंच्या डब्यावरचं विशेषण

“विशेषणं पाठ करू नका, घरात जिथे लागू पडतील तिथे चिकटवा,” असं जर्मनच्या बाईंनी सांगितलं होतं. ‘उन्त्सुरायशन्ट’ म्हणजे अपुरं. हवं तेवढं नसलेलं. नीलाला घरात जागाच जागा दिसल्या. झोपेला चिकटवता येईना, म्हणून तिने चिठ्ठी संपत आलेल्या साखरेच्या डब्यावर लावली.

डबा शेजारच्या काकूंचा होता. त्यातून पाच मोदक आले होते, तो परत जायचा राहिला आणि साखरेला वापरला गेला. सासूबाईंनी तो आतून घासला, बेसनाचे लाडू भरले आणि पोचता केला. रिकामा डबा कसा द्यायचा?

दुसऱ्या दिवशी डबा परत आला. झाकण बसेना इतक्या करंज्या.

“बघितलंस? मिजास!” सासूबाई म्हणाल्या. “आपण काय उपाशी बसलोय?” त्यांनी डब्यासोबत पातेलंभर नारळीभात धाडला. तिकडून भरलेलं पातेलं आणि परात आली.

परातीतला डबा उचलताना नीलाला आपली चिठ्ठी दिसली. वर नवी सेलोटेप. काकूंची सून मैथिली जर्मन कंपनीत होती. घरून करायच्या नोकरीसाठी नीलाचं नाव तीच पुढे पाठवणार होती. नाहीतर लेक क्षिप्रा पुन्हा पाळणाघरात. तिथे ती दिवसभर दाराकडे बघत बसायची.

नीला तडक शेजारी गेली. “मैथिलीताई, ती चिठ्ठी... अगं, माझा अभ्यास होता तो!”

“मला वाटलेलंच,” मैथिली हळूच म्हणाली. “पण आईंनी अर्थ विचारला, मी सांगून टाकला. मग त्यांनीच ती सेलोटेपने पक्की करून परत धाडली. तुमच्या सहा माणसांना पाच मोदक! मी बोलले असते तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं.”

“मी काकूंना सगळं सांगते. माफी मागते.”

“वेडी आहेस का? लग्नाला चार वर्षं झाली, आता पहिल्यांदा मला विचारतात, ‘मैथिली, एवढं पुरेल ना गं?’” तिने दार लोटून घेतलं. “तुझं नाव पाठवलंय. विशेषण अचूक वापरतेस म्हणून लिहिलंय. सोमवारी इंटरव्ह्यू. फक्त तोंड बंद ठेव.”

नीला घरी आली. सोमवारसाठी सगळी विशेषणं एकदा डोळ्यांखालून घालायची होती. स्वयंपाकघरात सासूबाईंनी डोंगराएवढी कणीक मळली होती. पुरण शिजत होतं. क्षिप्रा पिठात बसली होती.

“कुठे होतीस?” सासूबाई म्हणाल्या. “आज त्यांना दाखवतेच!”

खरं अगदी जिभेवर आलं होतं. नीलाने ते गिळलं, पदर खोचला आणि पोळपाट पुढे ओढला.